गव्हाच्या शेतातला डाग

चिमी – आपटला मी फोन, दादा. सरळ आपटला. वर दोन शिव्या घालायच्या राहून गेल्या, त्याचंच वाईट वाटतंय.

दादा – कुणाचा होता?

चिमी – त्याचा. तुझ्या डोळ्यांच्या डॉक्टरचा. म्हणजे त्याच्या ऑफिसातल्या बाईचा. नवीन दवाखाना उघडतायत म्हणे, मोठ्ठा, काचेचा. भिंतीवर लावायला चित्रांच्या छापील प्रती हव्यात. तुमच्यासारखे प्रिंट कुणी काढत नाही असं ऐकलंय, म्हणाली. ऐकलंय म्हणे!

दादा – हा छापखाना कुणाचा, हे ठाऊक आहे त्यांना?

चिमी – ठाऊक असतं तर फोन करायची छाती झाली असती का? त्याला तुझं नावही आठवत नसणार. बाहेरच्या बाकावर बसलेली डोळ्यांची एक जोडी, एवढाच तू त्याला.

दादा – कोणतं चित्र हवंय?

चिमी – दादा, मी फोन आपटला म्हणतेय.

दादा – ऐकलं. कोणतं चित्र?

चिमी – ते गव्हाचं शेत. पिवळंधमक शेत, सरूची झाडं, मागे निळे डोंगर आणि वर गुंडाळ्या गुंडाळ्यांचे ढग. ज्याने काढलं त्याला जिवंतपणी कुणी विचारलं नाही, आणि आता ज्याच्या त्याच्या दिवाणखान्यात तेच टांगलेलं. दारातून आत शिरलं की समोर एक भलंमोठं लावायचंय, आणि आत त्याच चित्राचे लहान तुकडे. पेशंटला प्रसन्न वाटावं म्हणून.

दादा – परत फोन लाव. लाईन तुटली म्हणावं. आनंदाने करू म्हणावं.

चिमी – तुझं डोकं ठिकाणावर आहे का रे? त्या माणसाच्या भिंती मी सजवू? मेले तरी नाही!

दादा – तू नाही. आपण दोघं.

चिमी – थांब, थांब. तुझ्या मनात काहीतरी आहे. लहानपणी शेजाऱ्यांच्या सायकलची हवा सोडायच्या आधी तुझं तोंड असंच व्हायचं. सांग, शाई बदलायची ना? ती कपाटातली स्वस्तातली बाटली काढते. वर्षभरात उडून जाईल. गहू पांढराफट्ट, ढग पांढरेफट्ट, लावू दे मग भिंतीवर धुतलेलं फडकं!

दादा – वर्षभराने कोण बघतंय? ऊन लागलं म्हणेल आणि दुसरं लावेल. आणि आपल्या हातून निघालेलं चित्र उडालं, तर नाव कुणाचं जाणार? आपल्याकडे या नावाशिवाय दुसरं आहे काय?

चिमी – मग काय, देवासारखी उत्तम चित्रं काढून द्यायची त्याला?

दादा – आतली सगळी उत्तम. आजवर काढली नाहीत इतकी उत्तम. कुणी बोट ठेवता कामा नये. दारासमोरचं मोठं मात्र मी सांगतो तसं. आणि हो, त्या बाईला सांग, हॉलमध्ये जे दिवे लावणार आहात त्यातला एक आमच्याकडे पाठवा. चित्र ज्या दिव्याखाली टांगायचं त्याच दिव्याखाली आम्ही तपासतो.

चिमी – ते तर आपण सगळ्यांनाच सांगतो.

दादा – सगळ्यांना सांगतो, तेच त्यालाही सांगायचं.

*

चिमी – आला बाबा दिवा. खोक्यावर त्याच्या दवाखान्याचं नाव आहे, सोनेरी अक्षरात. लावून बघितला. पिवळा उजेड आहे, उबदार, लग्नघरासारखा.

दादा – छान. आता ऐक. दुकानात घेतलेलं कापड लोक दारात उजेडात का नेतात?

चिमी – आत एक रंग दिसतो आणि बाहेर दुसरा, म्हणून. मला काय शाळेत बसवतोयस?

दादा – एकच करडा दोन तऱ्हेने होतो, चिमे. नुसत्या काळ्या शाईचा फिका हात मारून, नाहीतर तीन रंग एकात एक मिसळून. खिडकीच्या उजेडात दोन्ही जुळे भाऊ. आई आली तरी ओळखणार नाही. पण दिवा बदलला की त्यातला एक पलटतो. जे करड्याचं, तेच पिवळ्याचं आणि तेच निळ्याचं. सगळा जन्म आपण हे होऊ नये म्हणून धडपडलो. आता मुद्दाम करायचं, मधला भाग एका तऱ्हेने आणि कडेचा दुसऱ्या.

चिमी – म्हणजे दिवसा चित्र नीट दिसणार आणि दिवा लागला की...

दादा – दिवा लागला की मधोमध एक डाग उमटणार. कडेचं शेत जागच्या जागी, ढग जागच्या जागी. फक्त जिथे माणूस बघायला जातो, तिथे काही नाही.

चिमी – दादा. हा तर तुझा...

दादा – हो. माझा. त्याने दिलेला त्याला परत.

चिमी – मला घाम फुटला बघ. पण आवडलं. आई शप्पथ, आवडलं! सांग, कसा काढू? आकार केवढा? रंग कसला? काळा?

दादा – काळा नाही.

चिमी – मला आपलं वाटायचं की काळा.

दादा – तू कधी विचारलं नाहीस.

चिमी – तू कधी सांगितलं नाहीस! जेवताना आमटीची वाटी चुकलास की मी आपली गप्प ती पुढे सरकवते. विचारायची हिंमत नव्हती मला. आता विचारते. कसला रंग?

दादा – मशीनमधली वाया गेलेली शाई खालच्या बाटलीत जमते ना? सगळे रंग एकात एक जाऊन जो कुठलाच उरत नाही. तसा. मळका, जरासा तांबूस. कडा नाहीत त्याला, विरत जातो. सावकाश विरव.

चिमी – आणि जागा?

दादा – जागा म्हणशील तर मी बघेन ती. झाडाकडे बघितलं की झाड जातं. डोंगराकडे बघितलं की डोंगर जातो. चित्रात तसं फिरवता येणार नाही, म्हणून मधोमध टाक. माणूस आल्याआल्या मधेच बघतो.

चिमी – आणि माणसांचं कसं? आत्ता मी तुझ्यासमोर उभी आहे. मी दिसते?

दादा – तोंडाकडे बघितलं की तोंड जातं. म्हणून मी तुझ्या कानाकडे बघतो. मग कडेला तोंड जरासं सापडतं.

चिमी – म्हणजे इतके दिवस तू माझ्या कानाकडे बघून हसतोयस?

दादा – कानातलं हलतं तुझं. बरं वाटतं.

चिमी – मेल्या. सांगायचं नाही होय? मोठी कानातली घातली असती.

दादा – रडू नकोस. नमुन्याच्या पट्टीवर थेंब पडला तर रंग पसरेल.

चिमी – कोण रडतंय? तुला काय दिसतंय? केस पांढरे झालेत माझे, ते तरी दिसतं का?

दादा – तेवढं दिसतं.

चिमी – तेवढंच बरं दिसतं! आण ती पट्टी इकडे. पहिल्या घरात किती निळा टाकू?

दादा – निळा नखभर कमी आणि लाल तेवढाच जास्त. खिडकीत धर. शेजारच्या घराशी जुळतो?

चिमी – जुळतो. शिवण दिसत नाही.

दादा – आता दिवा लाव.

चिमी – लावला. अं... हललाय जरासा. घाणेरडा झालाय, पण अजून डाग म्हणवत नाही.

दादा – मग अजून नखभर. सावकाश. घाई करायची नाही, घाई त्याने केली. आठवतं, आपण मशीन खोललं होतं ते?

चिमी – नको काढूस ते.

दादा – काढू दे. चित्रांच्या कडेच्या सरळ रेघा मला वाकड्या दिसायला लागल्या. मी तुझ्यावर ओरडलो, कागद तिरका भरतेस म्हणून.

चिमी – आणि मी फूटपट्टी लावून बघितलं. रेघ सरळ होती. तरी मला वाटलं, दादा वाकडी म्हणतोय म्हणजे वाकडीच असणार, पट्टीच झिजली असेल. नवीन पट्टी आणली, दादा! तीही सरळच म्हणाली, तर मशीन खोललं. एकेक स्क्रू काढून जमिनीवर मांडला. जगात कुणी केला नसेल असला मूर्खपणा.

दादा – या घरात माझी नजर चुकू शकते, असं कुणाच्या मनातच आलं नाही. माझ्याही नाही. पण त्याच्या मनात यायला हवं होतं ना? ते त्याचं काम. मी त्याला सांगितलं, डॉक्टर, सरळ रेघ वाकडी दिसते. घड्याळाकडे बघत म्हणाला, नंबर बदललाय, चष्मा घ्या, बाकी उत्तम आहे. पुन्हा गेलो. पुन्हा उत्तम. तिसऱ्या वेळेला मधलं सगळं गेलेलं होतं, तर म्हणाला, उशिरा आलात.

चिमी – उशिरा आलात! त्या दुसऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्याच की, पहिल्या खेपेला थेंब घालून आत बघितलं असतं, तर वाचली असती नजर. थेंब घालायचे आणि थोडं थांबायचं. इतकंच करायचं होतं मुडद्याला.

दादा – आणि मी उठलो तेव्हा पाठीवर थोपटलं. म्हणाला, जरा कडेने बघायचं, सवय होते. आता त्याच रंगात काढलेलं छोटं चित्र धर, आणि दिवा लाव बघू पुन्हा.

चिमी – लावते. अगं आई!

दादा – काय झालं?

चिमी – उमटला. दादा, उमटला. गव्हाच्या बरोब्बर मधे. आत्ता खिडकीत काहीच नव्हतं आणि... मला नजर हलवावीशी वाटतेय. तो जातच नाही.

दादा – नाही जात.

चिमी – असं दिसतं तुला? सारखं?

दादा – सारखं.

चिमी – बंद करते मी हा दिवा.

दादा – कर. तुला करता येतो.

चिमी – एक मात्र सांग. तिथे बिचारे पेशंट येणार. समोर असलं बघून घाबरतील नाही का?

दादा – घाबरू देत. घाबरला माणूस दहा प्रश्न विचारतो, अजून दोघांना दाखवून येतो. मी घाबरलो नव्हतो, चिमे. मला त्याने उत्तम आहे म्हणून सांगितलं होतं.

*

डॉक्टर – वा, वा, वा! काय सुंदर झालंय! हे खिडकीतलंच ना मोठं? अगदी ओरिजिनल वाटतंय. तुमच्याबद्दल ऐकलं होतं, पण एवढं एक्सपेक्ट केलं नव्हतं, ताई.

चिमी – या ना, बसा. पाणी आणू?

डॉक्टर – नाही नाही, बसायला वेळ नाही. उद्घाटन तोंडावर आलंय, संध्याकाळी पाहुण्यांची यादी करायचीय. हे कोण?

चिमी – माझे मोठे भाऊ. रंगाचं सगळं तेच बघतात.

डॉक्टर – नमस्कार, काका. हात सोन्याचे आहेत हो तुमचे. बघतोय, गहू कसा सळसळतोय!

दादा – नमस्कार डॉक्टर. एक विनंती होती. तुम्ही पाठवलेला दिवा तिथे लावून ठेवलाय. चित्र एकदा त्याच्याखाली बघून घ्या.

डॉक्टर – कशाला? इथे छान दिसतंय की.

दादा – इथे खिडकीचा उजेड आहे. तुमच्या हॉलमध्ये संध्याकाळी दिवे लागणार. दिव्याखाली रंग पलटू शकतो. आमची पद्धत आहे, दाखवल्याशिवाय माल देत नाही.

चिमी – दादा, अरे, त्यांना घाई आहे म्हणतायत.

दादा – घाई असली तरी. डॉक्टर, नीट बघून घ्या. मिनिटाचं काम आहे.

डॉक्टर – काका, रंग तुमचा विषय आहे, पण डोळे माझा विषय आहे ना! उत्तम आहे हो. मी सांगतो, उत्तम आहे. आणि काका, एक सांगू? रागावू नका. बोलताना समोरच्याकडे बघून बोलावं. तुम्ही केव्हापासून त्या कपाटाशी बोलताय.

चिमी – ते तुमच्याकडेच...

दादा – असू दे, चिमे. वाईट सवय लागलीय, डॉक्टर. कडेने बघायची.

डॉक्टर – हा हा! कलाकार माणसं तुम्ही. बरं, मी निघतो. गाडी उभी आहे.

दादा – शेवटचं विचारतो. तपासून नाही घेणार?

डॉक्टर – अहो, तपासलं की! बघितलं, आवडलं, झालं. पॅक करा आणि पाठवून द्या. येतो ताई.

चिमी – या... गेला. गेला एकदाचा! दादा, तुला काय वेड लागलंय? मी इथे त्याला वाटेला लावायला बघतेय, आणि तू आपला दिवा बघा, दिवा बघा! त्याने लावला असता तर?

दादा – लावला असता तर डाग दिसला असता. मग मी म्हटलं असतं, चुकलं डॉक्टर, दुसरं काढून देतो. आणि दुसरं काढून दिलं असतं. निर्मळ.

चिमी – आणि हे सगळं वाया?

दादा – वाया कशाला? जो माणूस सांगितल्यावर थांबून बघतो, त्याच्यावर कसला सूड उगवायचा?

चिमी – बरं, एकदा विचारलंस ते विचारलंस. तीन-तीनदा कशाला?

दादा – मी तीनदा गेलो होतो.

चिमी – त्याने तुला ओळखलं नाही रे. तोंडासमोर उभा राहून बोलला, डोळ्यांचा एवढा मोठा डॉक्टर, आणि आपल्यासमोरचा माणूस आपल्याकडे का बघत नाही, हे त्याला कळलं नाही! मला वाटत होतं, ओळखील. थोडा तरी चपापेल.

दादा – मलाही वाटत होतं. धड दिसलेला शेवटचा नवा चेहरा त्याचाच आहे माझ्याकडे. दुसऱ्या खेपेचा. अजून जसाच्या तसा आहे, मिशीसकट.

चिमी – मिशी काढली त्याने.

दादा – काढली? माझ्याकडे राहील.

चिमी – बांधू मग चित्र?

दादा – बांध. कोपऱ्यांना पुठ्ठा लाव. वाटेत धक्का लागला तर आपली चूक व्हायची.

*

(संध्याकाळ. छापखान्यातला फोन वाजतो. चिमी तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवते.)

डॉक्टर – हॅलो! हॅलो, ताई आहेत का? अहो, हे काय करून ठेवलंय तुम्ही? इथे उद्घाटन चाललंय, हॉल माणसांनी भरलाय, दिवे लावले आणि चित्राच्या मधोमध डाग! एवढा मोठा डाग!

चिमी – डाग? तुम्ही स्वतः बघून नेलंत की.

डॉक्टर – तेव्हा नव्हता! दुपारी लावलं तेव्हाही नव्हता! पुसून बघितलं, जात नाही. सगळे चित्रापाशी गोळा झालेत. एक बाई तर मला म्हणाल्या, डॉक्टर, मलाच असं दिसतंय की काय, माझे डोळे तपासा. आणखी दोघं रांगेत उभे आहेत! मी पाहुण्यांना बघू की यांचे डोळे?

चिमी – डोळे बघा. सवडीने बघा.

डॉक्टर – ताई, ही चेष्टेची वेळ नाही. माझे सगळे सीनियर आलेत इथे. तुमच्या त्या काकांना द्या फोन.

दादा – बोला डॉक्टर. ऐकतोय.

डॉक्टर – काका, तुम्ही सांगायचं ना मला आधी!

दादा – सांगितलं होतं. तीनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, उत्तम आहे.

डॉक्टर – हो, पण... मला काय माहीत असं असेल? आत्ता कुणाला तरी पाठवा. काहीतरी करा. दुरुस्त करा.

दादा – आता दुरुस्त नाही होत. दिव्याखाली बघितलं असतंत, तर त्याच दिवशी झालं असतं. उशीर केलात.

डॉक्टर – उशीर? हे बघा, मी... एक मिनिट. कोण बोलतंय? तुम्ही... आपण याआधी कुठे भेटलोय का?

दादा – भेटलोय. मी छपाईवाला. सरळ रेघ वाकडी दिसते म्हणून तुमच्याकडे आलो होतो.

चिमी – दादा, ठेवला की काय त्याने फोन?

दादा – थांब. मागे माणसं बोलतायत, ऐकू येतंय. आहे अजून.

डॉक्टर – काका... ती केस वेगळी होती. म्हणजे तुम्ही ज्या स्टेजला... ते आपण नंतर बोलू, शांतपणे बोलू. पण आत्ता या डागाचं मी काय करू? कुठेही उभं राहिलं तरी तो समोरच येतो.

दादा – जरा कडेने बघायचं, डॉक्टर. सवय होते.